मिरगाच्या पावसातल्या राण्या

मे संपत आला की गडचांदुरात दुपारच्या वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या न वाचताही इथल्या माणसाला ते ठाऊक असतं. वावरातली काळी माती हात जाईल एवढ्या भेगांनी फाटलेली असते. माणिकगडाकडच्या डोंगरावरचा साग उघडाबोडका उभा असतो. मग रोहिणी सरता सरता किंवा मिरगाच्या तोंडी एके संध्याकाळी आभाळ फाटतं आणि रात्रभर पाऊस कोसळतो. सकाळी वारा पडलेला असतो, ऊन कोवळं असतं, जमिनीतून वाफ निघत असते; आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, ज्या भोकाकडे वर्षभर कुणी पाहिलेलं नसतं, त्यातून पंखवाल्या मुंग्या बाहेर पडू लागतात. आधी चार-दोन, मग शेकड्यांनी.

त्यांच्याभोवती बिनपंखी कामकरी मुंग्यांची धावपळ चाललेली असते. पंखवाल्या गवताच्या पात्यावर, दगडावर, उभ्या राहिलेल्या तुराटीच्या टोकावर चढतात, पंख थरथरवतात आणि हवेत निघून जातात. थोड्या वेळात सगळं आटोपतं. दुपारी तिथे गेलात तर काही घडल्याची खूणही सापडत नाही. पण त्या उडालेल्यांपैकी एखादी पुढची कित्येक वर्षं जगणार असते, हजारो मुंग्यांची आई होणार असते आणि पुन्हा कधीही उडणार नसते.

युरोपातल्या पुस्तकांत मुंग्यांचं हे उड्डाण वसंतात आणि उन्हाळ्यात होतं असं लिहिलेलं असतं, कारण तिथली मुंगी उबेची वाट पाहते. ब्रिटनमध्ये २०१२पासून रॉयल सोसायटी ऑफ बायॉलॉजीनं सामान्य लोकांकडून उडत्या मुंग्यांच्या नोंदी मागवल्या. सगळ्या देशात मुंग्या एकाच ठरावीक दिवशी उडतात, अशी तिथे समजूत होती. ती खोटी ठरली. २०१८मध्ये छापून आलेल्या निष्कर्षानुसार तापमान १३ अंशांच्या वर आणि वारा सेकंदाला ६.३ मीटरपेक्षा कमी असेल तरच त्या उडतात, आणि असा दिवस तिथल्या उन्हाळ्यात कुठे ना कुठे जवळजवळ रोजच असतो. गडचांदूरच्या मुंगीला १३ अंशांचं काय कौतुक? इथे ऊब उतू जाते, टंचाई असते ती ओलीची. काही जाती पावसाळा सरताना उडतात, काही इतर ऋतूंतही. पण मुंग्यांची राणी शोधायची असेल तर इथला खरा हंगाम पहिल्या पावसांचा.

दिव्यावर आलेली कोण?

आधी एक गल्लत दूर करू. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटवर, सिमेंट कारखान्यांच्या उंच दिव्यांभोवती जे पंखवाले किडे घोंघावतात आणि सकाळी ज्यांच्या पंखांचा खच पायरीवर पडलेला असतो, ती बहुतेक वेळा मुंगी नसतेच. ती असते उधई, म्हणजे वाळवी. इंग्रजांनी तिला पांढरी मुंगी म्हटलं, तरी नात्यानं ती झुरळाच्या कुळातली आहे. मुंगी गांधीलमाशीच्या कुळातली. दोघींच्या पूर्वजांच्या वाटा कोट्यवधी वर्षांमागेच वेगळ्या झालेल्या आहेत.

ओळखायला भिंग लागत नाही. वाळवीचे चारही पंख सारख्याच लांबीचे, शरीरापेक्षा बरेच लांब आणि सहज गळणारे. तिची कंबर जाड, मिशा सरळ. पंखवाल्या मुंगीचे पुढचे दोन पंख मोठे आणि मागचे लहान. कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकाव्या तशा मध्येच वाकलेल्या. वागण्यातही फरक आहे. पंख गाळल्यावर वाळवीची मादी पुढे आणि नर तिच्या मागे चिकटून, अशी जोडी जमिनीवरून चालताना दिसते. तो नर तिच्याबरोबर बिळात शिरतो आणि जन्मभर राजा म्हणून राहतो. मुंग्यांच्या राज्यात राजा नसतो.

वाळवीचं वारूळ विदर्भातल्या खवय्यांना वेगळ्याच कारणानं माहीत असतं. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी सात्या नावाची रानअळिंबी ही वाळवीनं जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीचंच फळ आहे. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा. आपण मुंगीकडे वळू.

पंख कुणाला मिळतात

भारतातून मुंग्यांच्या आठशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. २०१६च्या सूचीत उपजातींसह ८२८ नावं आहेत. त्यांपैकी बहुतेकींच्या घरी वर्षातला बराच काळ फक्त बिनपंखी माद्या असतात. आपल्याला दिसणारी प्रत्येक सामान्य मुंगी मादी असते. साखरेच्या डब्यातली मादी, भिंतीवरून रांगेत चाललेली मादी, पायाला कडकडून चावलेला डोंगळाही मादीच.

नर आणि मादी ठरवण्याची मुंग्यांची रीत आपल्याला चक्रावून टाकते. राणीनं अंडं घालताना ते फलित केलं तर मादी होते, न केलं तर नर. नराला आई असते, बाप नसतो. मात्र आईला बाप असल्यामुळे त्याला आजोबा असतात! त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो, तोही सगळा आईकडून आलेला.

फलित अंड्यातून राणी निघेल की कामकरी, हे बहुतेक जातींत अंड्यात लिहिलेलं नसतं. अळीला किती आणि काय खायला मिळालं, घर केवढं आहे, ऋतू कोणता आहे, यावरून तिच्या शरीरातली संप्रेरकं ठरतात आणि त्यांवरून तिचं भविष्य. पंख घडवणारी जनुकं कामकरी मुंगीतही असतात. एहाब अबुहैफ आणि ग्रेगरी रे या संशोधकांनी २००२मध्ये दाखवून दिलं की पंख घडवणाऱ्या जनुकांची साखळी कामकरी मुंगीत मध्येच कुठेतरी थांबवलेली असते, आणि ती नेमकी कुठे थांबते हे जातीजातीत वेगळं असतं. एकाच आईच्या, एकाच घरातल्या दोन बहिणी. एकीला आभाळ मिळतं, दुसरीच्या नशिबी उकिरडा साफ करणं.

पण कामकरी मुंगी म्हणजे पंख काढून घेतलेली राणी, एवढंच तिचं वर्णन केलं तर तिच्यावर अन्याय होईल. राणीच्या छातीचा मोठा भाग उडण्याच्या स्नायूंनी व्यापलेला असतो. कामकरीला ते स्नायू नकोतच. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तिच्या छातीची रचनाच बदललेली आहे. पुढचा भाग मोठा झाला आहे आणि त्यात मानेचे दणकट स्नायू बसले आहेत. स्वतःपेक्षा कितीतरी जड ओझं जबड्यात धरून ती चालते, ते या मानेच्या जोरावर. उड्डाण सोडलं म्हणून हमाली जमली.

दार कोण उघडतं

पंखवाल्या मुंग्या पाऊस पडल्यावर तयार होत नाहीत. त्या आधीच तयार होऊन घरात बसलेल्या असतात, कधी कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने. या काळात त्या काहीच काम करत नाहीत. कामकरी बहिणी त्यांना भरवतात आणि भावी राण्या अंगात चरबी साठवत राहतात. ऐन वैशाखात, वर मातीला चटके बसत असताना, खोल ओलसर खोल्यांत ही मंडळी दाटीवाटीनं बसलेली असतात.

बाहेर कधी पडायचं, हे ठरतं कसं? पहिली गोष्ट घड्याळ. दिवस-रात्रीचं भान मुंगीच्या शरीरात पक्कं असतं आणि प्रत्येक जातीची उडण्याची वेळ ठरलेली असते: कुणाची पहाट, कुणाची भर दुपार, कुणाची दिवेलागण. दुसरी गोष्ट हवामान. मातीत मुरलेलं पाणी, हवेतला दमटपणा, पडलेला वारा, हे सगळं जुळलं तर त्या दिवशी त्या वेळेला दार उघडतं. तिसरी गोष्ट म्हणजे दारावर बसलेल्या कामकरी. पंखवाले उतावीळ होऊन आधीच बाहेर येऊ लागले तर कामकरी त्यांना पायाला, पंखाला धरून आत ओढतात. वेळ आली की त्याच त्यांना बाहेर काढतात आणि भोक रुंद करून देतात.

शेवटचा इशारा वासाचा. जर्मनीतल्या हॉल्डोब्लर आणि माश्विट्झ यांनी १९६५मध्ये आपल्या डोंगळ्याच्याच गोत्रातल्या एका युरोपीय मुंगीवर लिहिलं: नर उडताना जबड्याजवळच्या ग्रंथींतून एक तीव्र वास सोडतात आणि तो येताच माद्या उडू लागतात. त्यामुळे त्या दिवशी निघालेले सगळे एकदमच हवेत जातात.

एकदम जाण्यात दोन फायदे आहेत. गावातल्या, रानातल्या शेकडो वारुळांनी एकच पाऊस आणि एकच वेळ निवडली, तर हवेत भेटणारा नर सख्खा भाऊ असण्याची शक्यता कमी होते. आणि खाणाऱ्यांचं पोट भरतं. कोतवाल, वेडा राघू, साळुंक्या, पाकोळ्या, चतुर, पाली, बेडूक, कोळी यांना त्या दिवशी मेजवानीच असते. तारेवर बसलेला कोतवाल एक मुंगी टिपतो, परत येऊन बसतो, दुसरी टिपतो. पण तो दिवसभरात खाऊन खाऊन किती खाणार? मुंग्या रोज थोड्या थोड्या उडाल्या असत्या तर त्यानं रोज सगळ्याच संपवल्या असत्या.

हवेतली भेट

उड्डाण किती मोठं असू शकतं याचा अंदाज आपल्याला जमिनीवरून येत नाही. जुलै २०१९मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याच्या रडारवर दक्षिण इंग्लंडात पाऊस पडत असल्यासारखे ढब्बे उमटले. आकाश तर निरभ्र होतं. तो पाऊस नसून उडत्या मुंग्या आहेत, हे मग त्या खात्यानंच जाहीर केलं.

आपल्याकडे दिसणारी दृश्यं लहान असतात, पण प्रकार तोच. अनेक जातींत नर एखाद्या उंच झाडाच्या शेंड्याभोवती किंवा टेकडीवर घोळक्यानं घिरट्या घालतात आणि माद्या त्या घोळक्यात शिरतात. काही जातींत भेट जमिनीवरच होते. नर दिसायला लहान, डोकं छोटं, डोळे मोठे. तो खाण्यासाठी, लढण्यासाठी किंवा काम करण्यासाठी घडलेलाच नसतो. मीलन झालं की त्याचं आयुष्य संपत येतं. मीलन झालं नाही तरी तो फार दिवस टिकत नाही. मिरगाच्या दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात जे बारके पंखवाले मरून पडलेले दिसतात, त्यांत बरेचसे हेच.

राणीसाठी मात्र हीच जन्माची शिदोरी. एका नराकडून किंवा काही जातींत अनेकांकडून मिळालेलं वीर्य ती पोटातल्या एका छोट्या पिशवीत साठवते आणि ते वर्षानुवर्षं जिवंत ठेवते. दक्षिण अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या राणीच्या पिशवीत वीस कोटींहून अधिक शुक्राणू मोजले गेले आहेत. त्या दिवसानंतर बहुतेक जातींची राणी पुन्हा कधीही नराला भेटत नाही. पुढे प्रत्येक अंड्याच्या वेळी पिशवीचं तोंड उघडायचं की मिटायचं, म्हणजे मुलगी की मुलगा, एवढाच प्रश्न उरतो.

पंख मोडून

मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, अशी म्हण आहे. नरांच्या बाबतीत ती तंतोतंत खरी. राण्यांच्या बाबतीतही बहुधा खरीच, कारण बहुतेक राण्या त्याच दिवशी कुणाच्या तरी पोटात जातात. पण जी वाचते, तिचं खरं आयुष्य पंख गेल्यावर सुरू होतं.

जमिनीवर उतरताच ती एक विलक्षण गोष्ट करते. पाय मागे नेऊन पंख रेटते, गवताच्या काडीवर घासते आणि काही क्षणांत चारही पंख मोडून टाकते. पंखांच्या मुळाशी आधीपासूनच एक कच्ची रेघ असते, त्यावरच ते तुटतात. ज्या अवयवांसाठी तिला इतकं खाऊ-पिऊ घातलं, ते एका उड्डाणानंतर धुळीत पडलेले असतात.

त्यानंतर ती जागा शोधते. इथे पावसाचं खरं मोल कळतं. मे महिन्यातली वाळलेली जमीन एकट्या मुंगीला उकरता येण्याजोगी नसते. पावसानं भिजलेली माती तिला तोंडानं खणता येते आणि आतल्या ओलीमुळे तिचं शरीर व पुढे घातलेली अंडी सुकत नाहीत. मातीची कणी कणी बाहेर टाकत ती खाली जाते, एक छोटी कोठडी करते आणि आतून दार बुजवून घेते.

आता आत ती एकटी. अन्न नाही, मदतीला कुणी नाही. तरी ती अंडी घालते, चाटून स्वच्छ ठेवते, अळ्या वाढवते. हे बळ कुठून येतं? फ्रेंच अभियंता आणि मुंग्यांचा अभ्यासक शार्ल जाने यानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नव्या राण्यांच्या छातीचे बारीक छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. उड्डाणाचे जे भरगच्च स्नायू होते, ते आठवड्यागणिक विरघळत चालले होते. ती स्वतःच ते पचवत होती. साठवलेली चरबी आणि हे विरघळलेले स्नायू यांतून तयार होणारं अन्न ती अळ्यांना तोंडानं भरवते. काही जातींत आपलीच काही अंडी त्यांना खाऊ घालते. उडण्याची ताकद अशी पोरांच्या अंगी लागते.

महिना-दीड महिन्यानं, जातीनुसार थोडं मागेपुढे, पहिल्या कामकरी कोशांतून निघतात. त्या नेहमीच्या कामकरींपेक्षा बारक्या असतात, कारण त्यांना मोजूनमापून अन्न मिळालेलं असतं. पण त्या दार फोडून बाहेर जातात आणि पहिला घास घरी आणतात. त्या दिवसापासून राणी फक्त अंडी घालते. पाळलेल्या काळ्या बागमुंगीची एक राणी २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. तिच्या जातीचे नर जगतात काही आठवडे.

राणी शोधायची कशी

चांगला पाऊस पडून गेल्यावर वारा नसलेल्या दमट दिवशी डोळे जमिनीवर ठेवा. घराच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, अमलनाला धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, पाणी साचत नाही अशा उंचवट्यावर. रांगेतली मुंगी सोडून द्या. एकटीच, घाईघाईनं, दिशा बदलत चालणारी मोठी मुंगी शोधा. कामकरी एकट्या फिरतात तेव्हा त्यांच्या चालण्यात अन्नाचा शोध असतो. राणी भेगांत, दगडाखाली, मातीच्या ढेकळाशी डोकं घालून बघत असते.

मग तिची छाती बघा. कामकरीची छाती सडपातळ असते, राणीची फुगीर आणि उंच. तिच्या दोन्ही बाजूंना, जिथून पंख तुटले, तिथे दोन-दोन व्रण दिसतात. पोट मोठं, टोकाकडे भरलेलं. आपला ओळखीचा काळा डोंगळा घेतला तर त्याची राणी साधारण दीड सेंटिमीटरच्या वर भरते. पंख अजून शाबूत असतील तर तिचं मीलन झालंच असेल असं सांगता येत नाही. पंख गेलेली असेल तर बहुधा झालेलं असतं.

शाळेत हे सगळं डोळ्यांसमोर बघायचं असेल तर एक परीक्षानळी पुरते. तिच्यात एक तृतीयांश पाणी भरा, पाण्याला टेकून कापसाचा घट्ट बोळा बसवा. राणीला आत सोडा, दुसऱ्या तोंडाला सैल बोळा लावा आणि नळी अंधारात आडवी ठेवा. ओल्या कापसातून तिला पाणी मिळतं आणि बिळातल्यासारखी ओल राहते. डोंगळ्याच्या राणीला पहिल्या कामकरी निघेपर्यंत खायला काही द्यावं लागत नाही. सगळ्यात कठीण काम म्हणजे हात आवरणं. सारखं उजेडात काढून पाहिलं तर ती घाबरून आपलीच अंडी खाऊन टाकते. नळीवर लाल पारदर्शक कागद गुंडाळला तर बरं, कारण मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नाही. आणि जिथून राणी उचलली, घर वाढल्यावर तिथेच तिला सोडा. दूरच्या गावी नेऊ नका. ताडोबासारख्या संरक्षित जंगलात तर फक्त बघायचं, काहीही उचलायचं नाही.

रीत मोडणाऱ्या

या जंगलपट्टीत हिंडताना सगळ्याच मुंग्यांना हा नियम लागू पडेल असं समजू नका.

झाडांवर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या घ्या. कोकणात यांना ओंबील म्हणतात. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया घरांत यांची मीठ-मिरची घालून वाटलेली आंबट चटणी होते; ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कामकरी तांबूस-नारिंगी, पण राणी हिरवट आणि त्यांच्याहून खूप मोठी. ती जमीन उकरत नाही. झाडावर एखादं आधीच दुमडलेलं पान शोधते. पानं शिवायला लागतो रेशमी धागा, तो काढतात अळ्या, आणि तिच्याकडे तर अजून अळ्याच नसतात. पहिलं घर म्हणून तिला निसर्गानं दुमडून ठेवलेल्या पानावरच भागवावं लागतं.

डायाकॅमा नावाच्या काळसर, खरखरीत पाठीच्या मुंग्यांत पंखवाली राणी जन्मालाच येत नाही. या कुळातल्या प्रत्येक मादीच्या छातीवर जन्मतः दोन इवले अवयव असतात. ज्या एकीचे ते शाबूत राहतात तीच घराबाहेर येऊन परक्या नराला बोलावते आणि अंडी घालते. बाकीच्या जन्मल्याबरोबर त्यांचे ती चावून तोडते, आणि मग त्यांना आई होण्याची वाट बंद होते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत या मुंग्यांवर बरंच काम झालं आहे.

तिसरी डोरायलस. ही जमिनीखाली राहणारी आंधळी मुंगी. हिची राणी कायमची बिनपंखी. आफ्रिकेतल्या काही जातींत ती पाच सेंटिमीटरच्या पुढे जाते. नर मात्र जाडजूड, तपकिरी, मोठ्या पंखांचा आणि रात्री दिव्यावर धडका देणारा. तो मुंगीपेक्षा इतका वेगळा दिसतो की १७६४मध्ये लिनियसनं आफ्रिकेतल्या एका नराची नोंद चक्क गांधीलमाशी म्हणून केली. त्याच्या बहिणी जमिनीखाली कुणाला सापडतच नव्हत्या, मग नातं जुळणार कसं?

हा गोंधळ पुढे भारतातल्या अभ्यासकांच्याही वाट्याला आला. मुंबई इलाख्यातले वन अधिकारी आर. सी. रॉटन यांनी १८९२मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लेखमाला लिहिली. त्यांनी आणि इतरांनी जमवलेले नमुने स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेल यांच्याकडे जात. हे फोरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ. पुढे त्यांचा चेहरा स्विस नोटेवर छापला गेला. दिव्यावर नर सापडे, रानात कामकरी सापडे, राणी सापडतच नसे; एकाच जातीला दोन-दोन नावं पडत. उड्डाणाच्या दिवशी एकाच भोकातून नर आणि कामकरी एकत्र निघताना पाहणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय. आजही एखाद्या शाळकरी मुलानं आपल्या धुऱ्यावरचं उड्डाण तारीख, वेळ आणि पावसासह लिहून ठेवलं, तर ती नोंद अभ्यासकाच्या कामाची असते.

पेरणीचा हिशोब

एका वारुळाला एक प्राणी मानलं, तर कामकरी हे त्याचे हातपाय आणि पंखवाल्या हे त्याचं बियाणं. मिरगात गडचांदूरचा शेतकरी जे करतो, तेच धुऱ्यावरची मुंगी करते. कृषी विभाग सांगतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कपाशी, सोयाबीन पेरू नका. एका सरीला भुलून पेरलं आणि पुढे पंधरा दिवस पावसानं दडी मारली की दुबार पेरणी कपाळी येते. मुंगीलाही तोच धोका. ओल टिकली नाही तर कोठडीतली राणी अंड्यांसकट वाळून जाते. आणि तिचा तोडगाही शेतकऱ्याला पटण्यासारखा आहे: अनेक जातींत वारूळ सगळ्या पंखवाल्यांना एकाच दिवशी सोडत नाही. काही पहिल्या पावसाला, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. बियाण्याची एक थैली ती नेहमी घरात राखून ठेवते.

तरी नासाडी अफाट असते. समजा, एका वारुळातून वर्षाला शंभर राण्या उडाल्या आणि ते वारूळ दहा वर्षं पंखवाल्या सोडत राहिलं. झाल्या हजार राण्या. मुंग्यांची वारुळं वर्षानुवर्षं तेवढीच राहत असतील, तर या हजारांतली सरासरी एकच यशस्वी व्हायला हवी. दोन झाल्या असत्या तर पिढ्यान्‌पिढ्या दुप्पट होत आज पाय ठेवायला जागा उरली नसती. म्हणजे कोतवाल, पाली, बेडूक, ऊन, बुरशी आणि शेजारच्या वारुळातल्या मुंग्या मिळून नऊशे नव्व्याण्णव गिळतात आणि निसर्गाचा हिशोब तंतोतंत जुळतो. पायरीखाली दिसणारं प्रत्येक जुनं वारूळ त्या एकीचं आहे.

आणि तिची पिशवी अजून रिकामी झालेली नसते. येत्या मिरगात त्या वारुळातून दोन प्रकारचे पंख बाहेर पडतील. त्यांतल्या प्रत्येक भावी राणीचा बाप कदाचित दहा वर्षांपूर्वीच्या मिरगात, लेकीच्या जन्माच्या कितीतरी आधी, मरून गेलेला असेल. तिच्याशेजारून उडणाऱ्या भावाला तर बाप कधी नव्हताच.